टाइलच का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

"भिंतीवर टाइल लावून काय होणार?" शेजारी विचारतात, मातीकाम शिकायला येणारी मुलं विचारतात, मोर्चातले जुने सोबतीही विचारतात. गटारात उतरून गुदमरून गेलेल्या माणसांची नावं मी टाइलवर लिहिते आणि घरच्यांचा होकार असेल तर रस्त्यालगतच्या भिंतीवर लावते. त्यानं कुणाचा जीव वाचत नाही, हे मला कळतं. ते दर वेळी नव्यानं समजावून सांगू नका.

रंगावर एका दुपारी चुना फिरवता येतो. भाजलेली टाइल काढायची तर छिन्नी-हातोडा देऊन माणूस पाठवावा लागतो, आणि ती काढ असं कुणाला तरी तोंडानं सांगावं लागतं. मला ते सांगायला लावायचं आहे. जिन्यात कुणी थुंकू नये म्हणून आपण देवांच्या टाइल्स लावतोच की. त्यांनी काय होणार, असं कुणी विचारत नाही.

लंडनच्या पोस्टमन्स पार्कमध्ये अशी भिंत 1900 पासून आहे. चित्रकार जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स यांनी ती उभारली. दुसऱ्याला वाचवताना गेलेल्या साध्या माणसांची नावं तिथं टाइल्सवर आहेत. त्यात ईस्ट हॅमच्या मैलापाणी केंद्रातले चौघे आहेत, 1 जुलै 1895चे, सोबत्याला वाचवायला गेलेले. आपल्याकडच्या बातम्या आठवून बघा. एक आत पडला म्हणून दुसरा उतरला, दुसऱ्यासाठी तिसरा.

आता ते सांगते, जे मी आजवर टाळत आले.

आमच्याच भागातला एक जण मॅनहोलमध्ये गेला. हातानं मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या 2013च्या कायद्यानं त्याला तिथं तसं उतरवायलाच नको होतं. ठेकेदाराच्या हजेरीपटावर त्याचं नाव नव्हतं. भरपाई अडली होती. त्याचा भाऊ म्हणाला, "ताई, तो इथंच गेला हे कुठंतरी लिहिलेलं पाहिजे." मला तेच हवं होतं. ज्या जातीच्या मातीची संडासाची भांडी होतात, तिच्यातच त्याचं नाव असावं, ही कल्पना माझीच आणि मला फार आवडलेली. सहा इंची टाइल. कोबाल्टनं लिहिताना अक्षरं काळपट दिसतात. बाराशे अंशांच्या वर भाजून भट्टी उघडली तेव्हा त्याचं नाव गडद निळं झालं होतं. मॅनहोलपासून चार पावलांवरच्या भिंतीत ती बसवली.

आठवड्याभरानं त्याची बायको आली. तिला कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. भावाचा होकार मी घरचा होकार धरला. तिनं आधी पदरानं टाइल पुसली, अक्षरांवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "जन्मभर तिथंच उतरला. घरी आला की दोनदा साबण लावून आंघोळ करायचा, मगच पोराला घ्यायचा. आता नावपण गटारापाशीच ठेवलंत?"

मी पुरावा, हजेरीपट, भरपाई असं काहीबाही बोलले. तिनं ऐकून घेतलं. "काढा," एवढंच म्हणाली.

मीच काढली. पक्की बसवलेली टाइल अख्खी निघत नाही हे मला माहीत होतं. तोच तर माझा मुद्दा होता. पहिल्याच घावाला नावाच्या मधोमध तडा गेला. ती शेजारी उभी होती. तुकडे तिनं मागितले नाहीत, मीही दिले नाहीत.

त्यानंतर वर्षभर मी एकही नाव लिहिलं नाही. आधीची मी म्हणायची, वाटेवरच्या माणसानं थबकलं पाहिजे. थबकणाऱ्याचा एवढा विचार केला, रोज तिथून पाणी भरायला जाणारीचा केला नाही. पण मग दुसऱ्या एका घरातली आई आली आणि म्हणाली, अगदी झाकणाशेजारीच लावा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे. तिला काय सांगू? लावली. ती अजून आहे. त्या भावालाही मी खोटं ठरवू शकत नाही. त्याच्याकडे दाखवायला दुसरं काहीच नव्हतं.

आता मी घरातल्या प्रत्येकाला विचारते, बायकांना आधी. त्यानं प्रश्न सुटत नाही. एकाच घरात आई हो म्हणते, सून नको म्हणते.

त्याच्या नावाची दुसरी टाइल भाजून ठेवली आहे. कुठं लावायची ते त्याच्या बायकोला विचारलं तेव्हा "सांगते" म्हणाली होती. त्याला दोन पावसाळे झाले.