नफा आहे, पैसा नाही

आज आमच्या उद्योजकतेच्या वर्गातली पोरं पहिल्यांदा एका छोट्या छापखान्यात, मालकीणबाईंसमोर बसली. सहा आठवडे राबून केलेलं सादरीकरण, रंगीत आलेख, सोशल मीडियाची योजना, वर्षात विक्री दुप्पट. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "दुप्पट कामाला लागणारा कागद कुठल्या पैशातून आणू?"

सगळे गप्प.

मग त्यांनीच वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. कागदवाल्याला 15 दिवसांत पैसे द्यायचे, गिऱ्हाईक देणार 60 दिवसांनी. मधले 45 दिवस स्वतःच्या खिशातून. काम वाढेल तसा हा खड्डाही वाढणार. 'खेळतं भांडवल' हे मी सत्रभर फळ्यावर लिहीत होतो, पोरांना ते आज कळलं. (खरं सांगायचं तर मलाही, जरा नव्याने.)

नंतर पोरांनी आलेख मिटले आणि उधारीची यादी मागितली. कोण किती उशिरा देतं, आगाऊ रक्कम कुणाकडून मागता येईल. एकीने विचारलं, काम दिलं त्याच दिवशी बिल का जात नाही, महिनाअखेरीपर्यंत का थांबतं? बाई थबकल्या. "सवय," म्हणाल्या.

मंगळवारी पुन्हा जायचंय. लॅपटॉप न घेता.