कपाटामागची भिंत

“इथं कुठे ओल आहे का हो?”

मागच्या खोलीच्या दारातच थांबून बाईंनी विचारलं. मुलगा-सून पुढे खिडकीपाशी गेले होते, माप घेत होते. या सत्तरीच्या बाई मात्र दारातून आत आल्याच नाहीत. नाक किंचित वर करून उभ्या राहिल्या.

“छे हो,” मी म्हणाले. “खोली बंद असते ना दिवसभर, त्याचा वास आहे.”

मी खोटं बोलत नव्हते. म्हणजे तेव्हा तरी मला तसंच वाटत होतं. मला वास येतच नव्हता.

माझ्याबरोबर आमच्या ऑफिसातला मुलगा होता. आठ वर्षांपूर्वी नवखा म्हणून आला, काम माझ्याच हाताखाली शिकला, मला ताई म्हणतो. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीला लावलेल्या कपाटाकडे पाहिलं. “ताई, हे जरा पुढे घेऊ या का?” आणि मी काही म्हणायच्या आत बाईंच्या मुलाला हाताशी घेऊन त्याने कपाट वीतभर ओढलंसुद्धा.

मागे गुडघाभर उंचीपर्यंत भिंतीला लोणा धरला होता. रंगाला फुगे आले होते आणि खाली फरशीवर पांढरी भुकटी सांडली होती. बाईंनी पुढे होऊन एका फुग्यावर बोट ठेवलं, तसा तळहाताएवढा पापुद्रा सुटून खाली पडला. आत गिलावा काळपट, ओलसर.

बाई काही बोलल्या नाहीत. रुमालाला बोट पुसलं आणि मुलाला म्हणाल्या, “चल.”

घरं विकायच्या या व्यवसायात मला २२ वर्षं झाली. दुसऱ्याच्या घरात शिरले की पहिल्या मिनिटात मला कळतं की भिंतीला लागून कपाट का उभं केलंय, एकाच भिंतीला ताजा रंग का आहे, न्हाणीघराच्या पलीकडे नेमकी कोणती खोली येते. माझ्या स्वतःच्या घरातलं न्हाणीघर त्या भिंतीच्या पलीकडेच आहे. ६ वर्षांपूर्वी तिथल्या पाइपाचा सांधा गळत होता. प्लंबर आला, काहीतरी भरून गेला, आम्ही भिंतीला रंग दिला आणि कपाट तिथे सरकवलं. आणि विषय माझ्या डोक्यातून पार गेला.

पण मला त्या दिवशी हादरवलं ते भिंतीने नाही. गिऱ्हाइकाला द्यायचा घराचा माहितीतक्ता टेबलावर पडला होता. त्यात ‘ओल, गळती’ या ओळीपुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : नाही. हा तक्ता दुसऱ्या कुणाच्या घराचा असता, तर मी मालकाला समोर बसवून एकेक ओळ विचारते. ‘नाही’ म्हणाले की ‘कधीच नाही?’ असं पुन्हा विचारते. स्वतःचा तक्ता मी चहा उकळेपर्यंत भरून टाकला होता.

घर विकायचं कारण साधं होतं. तिसरा मजला, इमारतीला लिफ्ट नाही, आणि सासूबाईंचे गुडघे. त्या महिनोन्‌महिने खाली उतरल्या नव्हत्या. १७ वर्षं राहिलो त्या घरात. माणसं म्हणत, तुला काय, तुझं घर आठवड्यात जाईल. मलाही तसंच वाटत होतं. त्या रविवारी घर बाजारात येऊन साडेचार महिने झाले होते.

किंमत कशी ठरवायची हे मी झोपेत सांगेन. जवळपासचे, तेवढ्याच क्षेत्रफळाचे, अलीकडे झालेले पाचसहा व्यवहार घ्यायचे. मागितलेला भाव धरायचा नाही, ज्या भावाला खरोखर व्यवहार झाला तो धरायचा. मग मजला, उजेड, इमारतीचं वय, पार्किंग, दुरुस्ती, यांची वजाबाकी-बेरीज. मी हे सगळं केलं. आणि एक आकडा आला. तो मला आवडला नाही. मग मी पुन्हा बसले. लिफ्ट नाही म्हणून दुसऱ्यांच्या घरातून जी वजावट मी बिनदिक्कत करते, ती ‘पण जिना रुंद आहे’ म्हणून निम्मी केली. स्वयंपाकघराचा ओटा आम्ही उभं राहून करून घेतला होता, त्याचे वेगळे धरले. संध्याकाळच्या उजेडाचे थोडे. होता होता मूळ आकड्याच्या १४ टक्के वर गेले, आणि प्रत्येक टक्क्याला माझ्याकडे कारण होतं.

घर बाजारात नवीन असतं तेव्हाच त्याच्याकडे लोकांचं लक्ष असतं. पहिल्या दोनतीन आठवड्यांत जे गंभीर गिऱ्हाईक शोधात असतं ते सगळं येऊन जातं. तेव्हा भाव चढा असला की ते परत फिरकत नाही, आणि नंतर येणारा विचारतो, ‘इतके दिवस का पडून आहे?’ हे वाक्य मी शेकडो मालकांना ऐकवलंय. भाव उतरवायचा तर एकदाच आणि नीट उतरवा, चिमूटचिमूट उतरवू नका, हेही. स्वतःच्या घराचा भाव मी तीनदा उतरवला, दर वेळी चिमूटभर. २६ जण बघून गेले.

त्यात आणखी एक पेच होता. आपण एजंट आहोत आणि घर आपलंच आहे हे आधी सांगावंच लागतं. सांगायलाच हवं. ब्रिटनमध्ये तर १९७९च्या इस्टेट एजंट कायद्यातच असा स्वतःचा हितसंबंध उघड करायची सक्ती आहे. पण ते सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर लगेच फरक दिसतो. ‘तुम्ही स्वतः या लाइनीत, मग हे का सोडताय?’ त्यांना वाटतं, हिला काहीतरी माहीत आहे जे आपल्याला नाही. मला ते लागायचं. मी जास्त बोलायचे, जास्त दाखवायचे. स्वयंपाकघराची खिडकी अडकते, ती आधी उचलून मग ओढावी लागते. ती युक्ती मी प्रत्येकाला करून दाखवली. कुणी मालक असं करताना दिसला असता, तर संध्याकाळच्या आत मी सुतार पाठवला असता.

या सगळ्या महिन्यांत एका अभ्यासाने मला फार धीर दिला होता. स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांचा, २००८ साली प्रसिद्ध झालेला. शिकागो परिसरातले जवळजवळ १ लाख घरविक्रीचे व्यवहार त्यांनी तपासले. त्यात एजंटांनी विकलेली स्वतःची घरं इतर तशाच घरांपेक्षा सुमारे ३.७ टक्के जास्त भावाला गेली आणि बाजारात सुमारे साडेनऊ दिवस जास्त राहिली. मी मनाशी म्हणायचे, बघ, जाणकार माणूस थांबतो. पण साडेनऊ दिवस आणि साडेचार महिने यांत काही मेळ नाही, हे मी स्वतःला कधी विचारलंच नाही.

त्या अभ्यासाची दुसरी बाजू तर मी कायम पानाआड ठेवली. एजंट स्वतःसाठी थांबतो आणि दुसऱ्यासाठी थांबत नाही, असं तो अभ्यास सांगतो. हिशेब अगदी सरळ आहे. समजा दलाली २ टक्के आहे. मालक आणखी काही दिवस थांबला आणि भाव ५ टक्क्यांनी वाढला, तर मालकाच्या पदरात जवळजवळ सगळी वाढ पडते, आणि एजंटाला मिळतो घराच्या किमतीच्या एक दशांश टक्का. त्यातही ऑफिसचा वाटा. म्हणून ‘आलेली ऑफर घ्या’ म्हणणं सोपं जातं. मी ते किती जणांना म्हटलं, त्यातल्या किती वेळा ते खरंच त्यांच्या हिताचं होतं, याचा विचार मी त्या रविवारी संध्याकाळी ओल्या भिंतीसमोर जमिनीवर बसून केला. काही चेहरे आठवले. एक म्हातारे गृहस्थ आठवले, ज्यांना मी बाराव्या दिवशी सही करायला लावली होती.

ऑफिसातला मुलगा गेला नव्हता. दरवाजा लावून तो परत आला आणि स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून समोर बसला.

“ताई, एक काम कराल?”

त्याने पिशवीतून कागद काढला. एका फ्लॅटची माहिती होती : क्षेत्रफळ, तिसरा मजला, लिफ्ट नाही, इमारतीचं वय, एका भिंतीला ओल, स्वयंपाकघराची खिडकी दुरुस्तीला आलेली. खाली जवळपासचे सहा व्यवहार. पत्ता आणि मालकाचं नाव काळ्या शाईने खोडलेलं.

“याचा भाव काय सांगाल?”

मला कळलं होतं कुणाचं घर आहे ते. तरीही नाव दिसत नव्हतं, आणि माझी सवय माझ्याआधी बोलली. दहा सेकंदही लागले नसतील. आकडा सांगितला. साडेचार महिन्यांपूर्वी पहिल्या बैठकीत माझ्याच हाताने आलेला आकडा, वर ओलीच्या दुरुस्तीची वजावट.

त्याने तो कागदावर लिहिला आणि काही न बोलता माझ्याकडे सरकवला.

नवीन मुलांना मी १९८७चा एक प्रयोग सांगते, नॉर्थक्राफ्ट आणि नील या संशोधकांचा. अमेरिकेतल्या टूसॉनमध्ये त्यांनी एजंटांना एक घर प्रत्यक्ष दाखवलं. माहितीचं पाकीट सगळ्यांना तेच, फक्त त्यातला मागितलेला भाव वेगवेगळा. ज्यांना चढा भाव दिसला त्यांनी घराची किंमत जास्त ठरवली, ज्यांना उतरता दिसला त्यांनी कमी. आणि मागितलेल्या भावाचा आपल्यावर परिणाम झाला, हे बहुतेकांना मान्यच नव्हतं. त्या मुलाने तोच प्रयोग ऐकून ठेवला होता. माझ्याबाबतीत डोळ्यांपुढून हटवायला हवं होतं ते नाव. ते त्याने खोडलं.

दुसऱ्या दिवशी प्लंबर बोलावला. सांधा अजून ठिबकत होता, थेंब-थेंब. फरशी उखडून पाइपाचा तुकडा बदलला, गिलावा खरवडला, आणि भिंत वाळायला उघडी ठेवली. त्याने विचारलं, “रंग कधी?” म्हटलं, आत्ता नाही. लोकांना बघू दे. माहितीतक्ता नवा केला : ओल होती, कुठे, का, काय दुरुस्ती केली, कधी. घराचा व्यवहार त्या मुलाच्या हातात दिला, दलालीसकट, आणि गिऱ्हाईक येईल तेव्हा मी घरात नसेन असं कबूल केलं. हे शेवटचं मला सर्वांत जड गेलं.

बाईंना मात्र मी स्वतः फोन केला. “तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. मी नाही म्हणाले, ते चुकीचं होतं.” त्या जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “राहणाऱ्याला येत नाही वास. आमच्या घरातलाही मला माहेरी जाऊन आले की येतो.” त्यांनी तोवर दुसरीकडे टोकन दिलं होतं. तरी महिनाभराने एकदा फोन करून विचारलं, भिंत वाळली का.

नवा भाव लावल्यापासून १६व्या दिवशी घर गेलं, कागदावरच्या आकड्यापेक्षा २ टक्के खाली. घेणाऱ्या जोडप्याने उघडी भिंत पाहिली, तक्ता वाचला, प्लंबरचं बिल मागितलं आणि बोलणी सुरू केली. आम्ही तळमजल्यावर भाड्याने राहायला गेलो. सासूबाई रोज संध्याकाळी फाटकापर्यंत चालून येतात.

ताबा द्यायच्या दिवशी किल्ल्या घेऊन मी तासभर आधी गेले. तीन आठवडे घर बंद होतं. कुलूप उघडलं, दार ढकललं आणि तिथेच उभी राहिले. वास आला. ओलीचा नाही. जुन्या लाकडाचा, धुतलेल्या फरशीचा, आणि मधूनच सासूबाईंच्या गुडघ्यांच्या मलमाचा. १७ वर्षांत पहिल्यांदा मला आमच्या घराचा वास आला. मी खिडक्या उघडायला गेले, स्वयंपाकघराची खिडकी सवयीने उचलून ओढली, तर ती सुतारकाम झाल्याने अलगद सरकून थेट चौकटीला जाऊन आपटली.