पोसलथ्वेट आणि बाबांचं भजनी मंडळ

पीट पोसलथ्वेट, इंग्लिश नट. हे आडनाव टाईप करताना तीनदा बॅकस्पेस मारलंय. नाव ऐकलं नसेल तरी चेहरा बघितलात की 'अरे हा तोच ना' म्हणाल, गालाची हाडं अशी वर आलेली की टेकवून नारळ फोडावा. मी पहिल्यांदा बघितला तो १९९७ च्या द लॉस्ट वर्ल्डमध्ये, हिंदी डबिंगमध्ये, सगळी पोरं डायनासोरसाठी गेलेली आणि मी घरी आलो त्या टकल्या शिकाऱ्याला डोक्यात घेऊन. एवढा टी-रेक्स पकडतो पण त्याचा अजय नावाचा जोडीदार जातो, मग नोकरीची ऑफर येते तर म्हणतो नको, मरणाच्या संगतीत खूप राहून झालं. संपला रोल!

पुढे केबलवर द युज्वल सस्पेक्ट्समध्ये दिसला, वकील, नाव कोबायाशी, दिसायला गोरा, अॅक्सेंट कुठल्याच देशाचा नाही, आणि पिक्चरभर कोणी विचारत पण नाही की बाबा रे तू नक्की कुठला. तो इतक्या कॉन्फिडन्सने उभा असतो की आपणही विचारत नाही. १९९३ च्या इन द नेम ऑफ द फादरसाठी ऑस्करचं नॉमिनेशन होतं त्याला. काही केलेलं नसताना पोरासोबत तुरुंगात सडणारा साधा, देवभोळा बाप. आवाज फारसा चढवतच नाही. तो गेल्यावर कैदी खिडक्यांतून पेटते कागद खाली सोडतात तो सीन मी दोनदाच बघितलाय, तिसऱ्यांदा नाही बघवणार.

आपल्याकडे निळूभाऊ होते ना तसं काहीसं. लोकांच्या लक्षात राहिला तो इरसाल पाटील, पण सिंहासनमधला दिगू टिपणीस बघा, मग कळतं.

आता मेन मुद्दा. मागच्या रविवारी बाबांना ब्रास्ड ऑफ दाखवला, १९९६ चा. यॉर्कशायरची कोळसा खाण बंद पडायला आलीय आणि खाणकामगारांचा ब्रास बँड आहे, पोसलथ्वेट त्याचा डॅनी नावाचा मास्तर, छातीत कोळशाची धूळ बसलेली, खोकतोय पण बँड सोडत नाही. ग्राइमथॉर्प नावाच्या खऱ्या खाणीवर बेतलंय, ती १९९३ ला बंद झाली आणि पिक्चरमधलं वाजवणं तिथल्याच खऱ्या बँडचं आहे.

बाबा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत बावीस वर्षं होते. टाळं लागलं तेव्हा मी नववीत होतो, देणी मिळायला किती चपला झिजल्या ते सांगत बसत नाही, आता तिथे काचेची बिल्डिंग आहे आणि लोक गळ्यात आयकार्ड घालून कटिंग पितात. पण कंपनीचं भजनी मंडळ होतं, बाबा टाळ धरायचे, कामगार कल्याण मंडळाच्या भजन स्पर्धेला जायचे, आणि कंपनी गेल्यावरही दोन-तीन वर्षं दर गुरुवारी कोणाच्या ना कोणाच्या घरी ते जमायचे. आई वैतागायची, पगार नाही आणि चहा वीस कप!

पिक्चरच्या शेवटी लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये बँड जिंकतो आणि डॅनी ट्रॉफी नाकारतो. म्हणतो मला वाटायचं संगीत महत्त्वाचं, पण माणसांपुढे ते काहीच नाही. ओरडत नाही, दम लागलेल्या माणसासारखा थांबत थांबत बोलतो. (नंतर बँडवाले ट्रॉफी उचलून नेतातच, ते मला जाम आवडतं.)

बाबांना सबटायटल्स धड वाचता येत नाहीत, अर्धं मीच सांगत होतो, इथे मात्र हाताने गप्प केलं मला.

मी मग सांगितलं की हा गेला २ जानेवारी २०११ ला, कॅन्सरने, त्याच्या पाच-सहा महिने आधी आलेल्या इन्सेप्शनमध्ये तो पलंगावर पडलेला मरणारा बाप होता. बाबांचं लक्षच नव्हतं. म्हणाले, "मंडळाचा पखवाज शेवटी कोणाकडे राहिला रे? कळव्याच्या त्या काकांकडे फोन लाव जरा."

रात्रीचे साडेदहा वाजले होते. लावला.