वाण्याची यादी

देशाची अर्थव्यवस्था कोण चालवतं, असं विचारलं की लोक कारखान्यांकडे नाहीतर मंत्रालयाकडे बोट दाखवतात. पण जीडीपी, म्हणजे देशाचं एकूण उत्पादन, खर्चाच्या बाजूने मांडून बघा: ते कोणाच्या पैशाने खपलं? सरकारी खर्च, गुंतवणूक, निर्यात-आयात हे सगळे मागे पडतात आणि घरं पुढे येतात. भारतात साधारण ६० टक्के वाटा एकट्या घरगुती खर्चाचा (हिशेबात त्याला ‘उपभोग’ म्हणतात) असतो. म्हणजे आमच्या वाण्याची यादीसुद्धा त्यात आली.

आमच्याकडे या ६० टक्क्यांचं दफ्तर कालनिर्णयवर असतं. दुधाचे खाडे, पेपरवाल्याची बाकी, आणि संकष्टीच्या चौकटीत बारीक अक्षरात ‘गॅस लावला’. बुधवारी गंगेवरच्या (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) बाजारातून आल्यावर आई पिशवी रिकामी करत मेथीच्या जुडीचा भाव तोंडपाठ म्हणते, पण तो लिहीत नाही. भाजी हा तिच्या मते खर्चच नव्हे, ते लागतंच.

हा वाटा मोठा असणं कौतुकाचं आहे का? अमेरिकेत तो दोन तृतीयांशाहून जास्त, चीनमध्ये मात्र ४० टक्क्यांच्या आसपास, आणि चिनी माणूस सरासरीने आपल्याहून कितीतरी श्रीमंत. १९५०च्या दशकात आपल्याकडे हाच वाटा ८० टक्क्यांच्या वर होता. तेव्हा काही आपण चैन करत नव्हतो. हातात आलेलं पोटात जात होतं, शिल्लक टाकायला उरत नव्हतं. त्यामुळे ‘उपभोगावर चालणारी अर्थव्यवस्था’ असं कोणी छाती फुगवून म्हणालं की मला जरा हसू येतं.

खर्चाचा पोत बघणं जास्त मजेचं. मिळकत वाढली की खाण्यावरच्या खर्चाचं प्रमाण घटतं, हे एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच मांडलं होतं. आपल्या सरकारी पाहणीत १९९९-२००० साली शहरी घराचा जवळजवळ ४८ टक्के खर्च खाण्यावर होता. २०२३-२४ मध्ये तो ४० टक्क्यांच्या आत आला. त्या खाण्यातही आता गहू-तांदळापेक्षा पेयं, फरसाण आणि तयार पदार्थांवर जास्त पैसे जातात. रविवारी सकाळी मिसळीच्या रांगेत ताटकळलेल्या नाशिककराला यासाठी पाहणीची गरज नाही.

पण या हिशेबाचे रकाने आईला काही केल्या पटत नाहीत. गुरुपुष्याला सराफ बाजारातून आणलेलं वेढणं भांडवलनिर्मितीत, म्हणजे गुंतवणुकीतच, धरतात. ठीक. नवा फ्लॅट गुंतवणुकीत. तेही ठीक. नातवाच्या शाळेची फी मात्र उपभोगात, चिवड्याच्या आणि मोबाईल रिचार्जच्या पंगतीला! “फी काय आपण खातो का?” ती म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. मग मी उगाच सांगून बसलो, की आपण स्वतःच्या घरात राहतो त्याचं भाडंही अंदाजाने उपभोगात धरतात. “मी कोणाला भाडं देते?” स्वतःलाच, असं म्हटल्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती सांख्यिकी मंत्रालयाने एकदा बघायला हवी. जे दिलंच नाही ते भाडं धरायचं, आणि ती रोज लाटते त्या पोळ्यांची मजुरी शून्य. त्याच पोळ्या खानावळीतून आल्या की लगेच जीडीपी वाढतो.

तिच्यासारखी काटकसर सगळ्यांनी एकदम केली तर दुकानदाराने माल कोणाला विकायचा, हा प्रश्न तेवढा खरा आहे. २०२० च्या एप्रिल ते जून या टाळेबंदीच्या तिमाहीत घरांचा खर्च आटला, कारखानेही थांबले आणि जीडीपी जवळजवळ एक चतुर्थांशाने घसरला. मेन रोडवरची शटरं तेव्हा दिवसाढवळ्या खाली होती. हे मी आईला ऐकवलं.

“मग काय, त्याचं दुकान चालावं म्हणून मी दोन पातेली जास्त घेऊ?”

आणि परवा मला सोबत घेऊन भांडी बाजारात गेली ती पितळेचं जुनं पातेलं मोडीत देऊन, वर थोडे पैसे घालून कढई घेऊन आली. यातलं जीडीपीत नेमकं किती धरायचं हे मी तिथेच तिला समजावणार होतो. पण मोडीच्या वजनावरून दुकानदाराशी तिचं जुंपलं होतं, आणि तिला मी काट्याकडे बघायला हवा होतो.