टेरी काकांचं पत्र

परवा आईबाबांना ड्यूक विद्यापीठाचं चॅपल दाखवायला इथे, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, केरीहून डरमला घेऊन गेले होते. या चॅपलच्या तळघरात टेरी सॅनफर्डना दफन केलंय असं सांगितलं तर बाबा म्हणाले, कोण गं हे, कुणी पाद्री का? मग घरी येईपर्यंत गाडीत मी एकटीच बोलत होते, म्हटलं आता लिहूनच काढूया.

पाद्री नाही, राजकारणी. जन्म १९१७, गाव लॉरिनबर्ग, वडिलांचं हार्डवेअरचं दुकान मंदीत बुडालेलं. दुसऱ्या महायुद्धात पॅराट्रूपर, मग वकिली, राज्याच्या सिनेटमध्ये एक टर्म आणि जानेवारी १९६१ मध्ये थेट नॉर्थ कॅरोलायनाचे गव्हर्नर. तेव्हा इथे गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभंच राहता यायचं नाही, म्हणजे हातात चारच वर्षं, आणि त्यांनी पहिल्याच वर्षी काय केलं तर शाळांना पैसा हवा म्हणून ३ टक्के विक्रीकर खाण्यापिण्याच्या वस्तूंवरही लावला. लोक जाम चिडले, ‘टेरीचा टॅक्स’ म्हणायला लागले. गरिबाच्या पिठामिठावर कर हे मला आजही पटत नाही, पण शाळांना पैसा पाहिजे तर तो तुम्हालाच द्यावा लागेल हे लोकांना तोंडावर सांगायची हिंमत मात्र मला फार मोठी वाटते. राज्याचा तो कर नंतर गेला, आता किराण्याच्या पावतीवर फक्त लोकल २ टक्के दिसतो. पण १९६३ च्या कायद्याने उभी राहिलेली कम्युनिटी कॉलेजं, म्हणजे कुणालाही कमी फीमध्ये शिकता येईल अशी सरकारी कॉलेजं, अजून आहेत, मी इथे आल्यावर अकाउंटिंगचा कोर्स त्यातल्याच एका कॉलेजात, रात्रीच्या वर्गात केला, शेजारच्या बाकावर दिवसभर छपरं दुरुस्त करून आलेला माणूस असायचा.

ड्यूक विद्यापीठाचं प्रेसिडेंटपद, म्हणजे आपल्याकडच्या कुलगुरूसारखं पद, सॅनफर्डकडे आलं एप्रिल १९७० मध्ये. त्याआधी १९६९ च्या फेब्रुवारीत काळ्या विद्यार्थ्यांनी ॲलन बिल्डिंग ही विद्यापीठाच्या कार्यालयांची इमारत ताब्यात घेतली होती, कॅम्पसवर पोलिसांचा अश्रुधूर झाला होता आणि आधीच्या प्रेसिडेंटना जावं लागलं होतं. हे येऊन महिना होतोय न होतोय तोच ओहायोत केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शनांवर नॅशनल गार्डच्या सैनिकांनी केलेल्या गोळीबारात ४ विद्यार्थी मेले, ड्यूकची पोरंही रस्त्यावर उतरली, तर हे स्वतः त्यांच्यात जाऊन उभे राहिले आणि बोलले.

सगळंच जमलं असं नाही. १९७२ ला ड्यूकचे प्रेसिडेंट असतानाच डेमोक्रॅटिक पक्षाकडे देशाच्या राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागायला गेले आणि पक्षांतर्गत निवडणुकीत आपल्याच राज्यात जॉर्ज वॉलेस या वर्णभेदाच्या कट्टर समर्थकाकडून हरले. १९८१ ला वॉटरगेट प्रकरणात राजीनामा दिलेले माजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची लायब्ररी ड्यूकला आणायचा घाट घातला, प्राध्यापक खवळले, ते बारगळलं.

पण माझा लाडका किस्सा जानेवारी १९८४ चा. बास्केटबॉलच्या मॅचला मेरीलँड विद्यापीठाच्या खेळाडूंविरुद्ध ड्यूकच्या मुलांनी अगदी घाणेरडा गोंधळ घातला. सॅनफर्डनी शिक्षा वगैरे काही काढली नाही, सगळ्या विद्यार्थ्यांना एक पत्र लिहिलं, शिव्या न देताही हुशारीने आरडाओरडा करता येतो अशा अर्थाचं, आणि खाली सही ‘अंकल टेरी’. पुढची मॅच शेजारच्या चॅपल हिलच्या विद्यापीठाशी, म्हणजे कट्टर वैरी! तर पोरं डोक्यावर देवदूतांसारखी वलयं लावून आली आणि रेफरीचा निर्णय पटला नाही की सगळं स्टेडियम एका सुरात, ‘आम्ही नम्रपणे असहमत आहोत!’

आई मागच्या सीटवरून म्हणाली, ‘काका म्हणून सही केली ना, मग पोरं ऐकणारच.’