नाकातली काडी, वावरातली दोरी

मागच्या रविवारी एक इंजिनिअरिंगचा पोरगा शेडवर आला. शेड म्हणजे नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतली आमची, चार माणसं, पंपाचे स्टार्टर अन पॅनल बनवतो आम्ही. त्यानं जमिनीतली ओल मोजायचा सेन्सर बनवला होता अन त्याला पाणी न शिरणारा डबा हवा होता. नेमके मामा हिंगणघाटहून आलेले, खुर्ची ओढून बसले. पोरानं मोबाईल काढला, ॲप दाखवलं, हिरवे-लाल आलेख, ए आय का काय ते पण आहे म्हणे आत. मामांनी सगळं शांतपणे पाहिलं अन म्हणाले, "सगळं बेस हाय बेटा, पण उंदरानं हे वायर कुरतडलं त मी फोन कोणाले लावू?"

पोरगा माझ्याकडे पाहायला लागला. मला हसू आलं पण बिचाऱ्याची काही चूक नाही, कारण कॉलेजात कोणी उंदराबद्दल शिकवत नाही.

आता आमच्याच धंद्यातलं बघा. शेतीची लाईन रात्री येते, म्हणून माणूस अंधारात बॅटरी घेऊन विहिरीवर जाते, साप, रानडुक्कर, चिखल, अन तिथं पोचल्यावर कळते की लाईनच नाही. यावर मोबाईलवरून पंप चालू-बंद करायचा स्टार्टर निघाला. पुण्याच्या संतोष ओस्तवालांनी नॅनो गणेश काढलं ते आजोबांची हीच पायपीट पाहून. त्यात फार हुशारी अशी काही नाही, फोन लावायचा, लाईन आहे का ते कळते, पंप चालू होते, बस. शेतकऱ्याला हे एका मिनिटात समजलं कारण त्याची रात्रीची चक्कर वाचली. मी तर कोणतंही नवीन यंत्र दिसलं की आधी हेच पाहतो, यानं कोणाची कोणती चक्कर वाचली.

यावरून मला 2021 चा एप्रिल आठवला. करोनाच्या लाटेत नागपुरात तेव्हा काय चालू होतं ते इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. आम्ही घरचे चौघं एका सेंटरवर रांगेत उभे, अन माझी 6 वर्षांची पोरगी समोरच्याच्या नाकात काडी जाताना पाहूनच रडायला लागली. पीपीई किटमधली ती नर्स सकाळपासून उभी होती, घामानं चिंब, ती तरी काय करणार. त्याच वेळेस आपल्या नीरीत, म्हणजे पर्यावरणाच्या त्या सरकारी संशोधन संस्थेत, जिच्या गेटसमोरून आपण रोज गाडी काढतो तिथं, डॉ. कृष्णा खैरनार अन त्यांची टीम मिठाच्या पाण्यावर काम करून राहिली होती. नळीत सलाईनचं पाणी, 15 सेकंद गुळण्या, 15 सेकंद चूळ, त्याच नळीत थुंकायचं. काडी नाही, अन नमुना घ्यायला शिकलेला माणूसही नाही, ज्याचं त्यानं द्यायचं.

पण मला खरी गंमत वाटते ती लॅबमधल्या भागाची. नेहमीच्या टेस्टमध्ये आधी नमुन्यातून विषाणूचा आरएनए वेगळा काढायचं किट लागते, महाग अन वेळखाऊ. यांनी काय केलं, नमुना स्वतः बनवलेल्या बफर द्रावणात अर्धा तास साध्या तापमानाला ठेवला, मग 98 डिग्रीला 6 मिनिटं तापवला अन सरळ आरटी-पीसीआरला लावला. किटच गेलं! मे 2021 मध्ये आयसीएमआरची मंजुरी आली अन सप्टेंबरमध्ये नीरीनं ही पद्धत केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाकडे दिली, की लहान उद्योगांनी किट बनवावे. लाट तेव्हा ओसरली होती हेही खरं, अन त्याचं मला आजही वाईट वाटते.

मामांना हे सांगितलं तर म्हणतात, "अन बोंडअळीचं काय?"

मामा कापूसवाले आहेत, त्यांच्यासाठी सगळी गाडी तिथंच येऊन थांबते. 2002 ला बोंडअळीला मारणारं बीटी बियाणं आलं, 2006 ला त्याचंच पुढचं बोलगार्ड 2, काही वर्षं चांगली गेली, मग गुलाबी अळी त्यालाही जुमानेना. डोमकळ्या, म्हणजे अळी लागून न उमललेली फुलं, दिसल्या की मामांचा चेहरा उतरते. अन 2017 ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, मजूर गेले, तेव्हापासून मामी त्यांना फवारणीचा पंप पाठीवर घेऊ देत नाही.

तर वर्धा रोडवरच्या कापूस संशोधन संस्थेनं या अळीसाठी दोरीचे प्रयोग केले. मादी पतंग नराला बोलावते ते एका वासानं, गॉसिप्लूर म्हणतात त्याला. कामगंध सापळ्यात तोच वास असते, नर फसून आत पडते, ते शेतकऱ्यांना माहीत आहे. दोरीचा हिशोब वेगळा, तो वास भरलेले लहान लहान तुकडे पात्या, म्हणजे कपाशीच्या कळ्या, लागायच्या वेळी झाडांना बांधायचे, मग सगळ्या वावरभर मादीचाच वास, नर भिरभिरत राहते, खरी मादी सापडत नाही, जोडी जमत नाही म्हणजे अंडी नाही म्हणजे अळी नाही. विष फवारायचं नाही, कोणाला मारायचं नाही, नुसता गोंधळ घालायचा! मला तर ऐकल्यापासून त्या नराची दयाच येऊन राहिली.

मामांनी लगेच बोट ठेवलं. "माह्या वावरात बांधली अन शेजाऱ्यानं नाही बांधली त?" बरोबर प्रश्न, कारण बाजूच्या वावरात जोडी जमवून आलेली मादी मामांच्या कपाशीवर अंडी घालणारच, तिला दोरीशी काय घेणं. म्हणून हे दोन-तीन एकराचं कामच नाही, सगळ्या शिवारानं मिळून बांधली तर जमते. अन वर कोणी फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभीच, तर अळीला उन्हाळ्यापर्यंत खानावळ चालू. शास्त्रज्ञानं वास शोधला, कंपनीनं दोरी बनवली, पण गावातल्या 40 जणांना एकाच आठवड्यात वावरात उतरवायचं काम कोणत्या लॅबमध्ये होते? मामा म्हणाले आमच्या गावात बैलपोळ्याला एकत्र येतात, तेही भांडून.

पोरगा हे सगळं ऐकत होता, त्याचा चहा थंड झाला. मग त्यानं विचारलं, वायर लोखंडी पाइपातून काढली तर? मी म्हटलं काढ, पण डब्यावर एक लाल अन एक हिरवा दिवा लाव, अन माझा फोन नंबर झाकणावर मोठ्या अक्षरात लिही. आलेखाचं त्याला वाईट वाटलं, दोन महिने घातले होते त्यानं त्यात. ॲप राहू दे म्हटलं, कॉलेजात मार्क मिळतील.

डबा परवा तयार झाला. मामा म्हणतात आधी माझ्याच वावरात लावा, उंदीर तिथं भरपूर आहेत.