पाच पेसोंवरचा माणूस

मनिलात पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली ती सुट्ट्या पैशांवरून. जीपनी म्हणजे आपलं वडाप. मागं बसलेल्यानं भाडं पुढच्याच्या हातात द्यायचं, "बायाद पो" म्हणायचं, आणि हातोहात ते ड्रायव्हरपर्यंत पोचतं. ('पो' हे आदराचं शेपूट, आपण 'अहो' म्हणतो तसं.) मी एक पेसो समजून पाचाचं नाणं सरकवलं. इथं डॉक्टरकी शिकणारी माझी भाची हसून म्हणाली, "मावशी, नवं पाचाचं तसंच दिसतं. सगळेच फसतात."

पिवळट जुन्या नाण्यावर एमिलिओ आगिनाल्दो आहे, तर २०१७ साली आलेल्या नव्या पांढऱ्यावर आंद्रेस बोनिफासिओ. दोघंही स्पेनविरुद्ध लढले. पण १८९७ साली पहिल्याच्या हुकमानं दुसऱ्याला गोळ्या घातल्या गेल्या. हे कळल्यावर माझ्या सुट्टीचा कार्यक्रमच बदलला. मॉल राहिले बाजूला.

सुरुवात अर्थात इंत्रामुरोसपासून. स्पॅनिशांचं हे तटबंदीतलं शहर. जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेच्या जागी शिंपल्याच्या पातळ चकत्या, अगदी गोव्यातल्या जुन्या वाड्यांसारख्या. साबणाला इथं 'साबोन' म्हणतात, चिकूला 'चिको'. तीनशे तेहेतीस वर्षं राज्य केलं की एवढं मागं राहणारच.

फोर्ट सांतियागोमध्ये होसे रिझालची कोठडी आहे. हा मुळात डोळ्यांचा डॉक्टर. आईच्या मोतीबिंदूपायी त्या शास्त्राकडे वळलेला. त्याच्या दोन कादंबऱ्यांनी पाद्री आणि सरकार दोघांचंही पित्त खवळलं. खरं तर तो सशस्त्र उठावाच्या बाजूचा नव्हता, तरी ३० डिसेंबर १८९६ रोजी त्याला मारलंच. वय ३५. बंदुका रोखणारे शिपाई फिलिपिनोच होते, आणि त्यांनी कच खाऊ नये म्हणून त्यांच्या पाठीमागं स्पॅनिश शिपाई उभे केले होते. कोठडीपासून लुनेताच्या मैदानाकडे तो ज्या वाटेनं चालत गेला, तिच्यावर धातूची पावलं बसवली आहेत. आम्ही थोडी पावलं त्यांवरून चाललो आणि मग बाजूनं चालू लागलो. का, ते दोघींपैकी कोणीच बोललं नाही.

बोनिफासिओचं सगळं वेगळं. गोदामात नोकरी, शाळा अर्धवट, वाचन मात्र दांडगं. ७ जुलै १८९२ रोजी, रिझालला हद्दपार करत असल्याची बातमी आली त्याच दिवशी, त्यानं कातिपुनान ही गुप्त संघटना काढली. ऑगस्ट १८९६ मध्ये तिचा सुगावा लागला, तेव्हा माणसांनी सेदुला, म्हणजे कर भरल्याचे दाखले, टराटरा फाडले आणि उठाव सुरू झाला.

आगिनाल्दोच्या गावी, कावितला, आम्ही सोमवारी गेलो आणि बंद दारावर टकटक करून आलो. सोमवारी संग्रहालयं बंद असतात हे नेटवर पाहायचं मलाच सुचलं नव्हतं. बुधवारी पुन्हा गेलो. वीस-बावीस किलोमीटरचं अंतर, पण ट्रॅफिकनं जीव काढला.

आगिनाल्दोचा वाडा मात्र ऐटदार! चोरवाटा, लाकडी कोरीवकाम, त्याची काळी पॅकार्ड मोटार आणि मागच्या बागेत त्याची समाधी. १२ जून १८९८ रोजी इथल्या खिडकीतून स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला. आज सगळे ज्या सज्जाचे फोटो काढतात तो त्यानंतर बांधलेला. जाहीरनाम्यातच एक वाक्य मला खटकलं: हे स्वातंत्र्य बलाढ्य आणि दयाळू अमेरिकेच्या छत्राखाली आहे, अशा अर्थाचं. दयाळू! अमेरिका तेव्हा स्पेनशी लढत होती; ऑगस्टमध्ये स्पॅनिश आणि अमेरिकन सेनापतींनी आधी ठरवून मनिलात लुटुपुटीची लढाई केली आणि फिलिपिनो सैन्याला वेशीबाहेरच ठेवलं. डिसेंबरात पॅरिसच्या तहात स्पेननं २ कोटी डॉलरला ही बेटं अमेरिकेच्या हवाली केली. फिलिपिनो वकील फेलिपे आगोन्सिलो पॅरिसपर्यंत गेला होता, पण त्याला बैठकीत बसू दिलं नाही. कावितला फडकलेला झेंडा त्याच्याच बायकोनं, मार्सेलानं, हाँगकाँगमध्ये शिवलेला.

पुढं अमेरिकेशी युद्ध झालं, १९०१ मध्ये आगिनाल्दो पकडला गेला आणि स्वातंत्र्य आलं ते थेट ४ जुलै १९४६ रोजी, अमेरिकेच्याच राष्ट्रीय दिवशी. १९६२ साली राष्ट्राध्यक्ष माकापागाल यांनी तो दिवस बदलून पुन्हा १२ जून केला. त्या सोहळ्याला त्र्याण्णव वर्षांचा आगिनाल्दो हजर होता. माणूस टिकला. क्रांतीत टिकणं हाही एक गुणच म्हणायचा, पण त्याची किंमत कोणी दिली हे पाहायला मारागोन्दोनला जावं लागतं.

गोष्ट सरळ भाऊबंदकीची. मार्च १८९७ मध्ये तेहेरोसला क्रांतिकारकांची सभा भरली, आगिनाल्दो गैरहजेरीतच अध्यक्ष झाला. बोनिफासिओच्या वाट्याला गृहखातं आलं, तर एकानं उठून हरकत घेतली की या कामाला वकील हवा. बोनिफासिओ भडकला, निवडणूकच रद्द म्हणाला आणि निघून गेला. मग त्याला पकडलं, राजद्रोहाचा खटला चालवला, देहदंडाची शिक्षा आधी हद्दपारीत बदलली आणि सरदारांच्या आग्रहावरून पुन्हा कायम केली. १० मे रोजी लासारो माकापागाल नावाच्या अधिकाऱ्याला एक बंद लखोटा देऊन बोनिफासिओ आणि त्याचा भाऊ प्रोकोपिओ यांना डोंगरात न्यायला सांगितलं. तिथं पोचल्याशिवाय उघडायचा नाही, अशी ताकीद. लखोट्यात दोघांना गोळ्या घालण्याचा हुकूम होता.

खटला चाललेलं घर मारागोन्दोनमध्ये अजून उभं आहे. खाली दगड, वर लाकूड. कावितला शाळेच्या बसगाड्यांची रांग होती; इथं आम्ही दोघी आणि एक पंखा. रखवालदारानं रजिस्टर पुढं केलं. भाचीनं नाव लिहिलं, देशाच्या रकान्यात 'इंडिया' लिहिलं आणि थांबली. वरची सही तीन दिवसांपूर्वीची होती.